नऊ वाजून पाच मिनिटं

दादा गेल्यावर साधारण चार महिन्यांनी वहिनीने माझ्या हातात एक पिशवी दिली. यातलं काय ठेवायचं काय टाकायचं ते तूच बघ, माझ्याच्याने होत नाहीये, म्हणाली. आत जुने चार्जर होते, दोन चष्मे, कसल्या कसल्या पावत्या आणि तळाशी खिशात मावेल एवढी एक डायरी. काळं रेक्झिनचं कव्हर, कोपऱ्यांवर सोललेलं, मधे एक सैल पडलेला रबरबँड. मला वाटलं हिशोब असतील. उघडली तर सगळे वाढदिवस. महिन्याप्रमाणे पानं पाडलेली, तारीख, नाव, फोन नंबर आणि काही नावांपुढे कंसात बारीक अक्षरात एखादी सूचना. 'दोनदा रिंग करावी, कमी ऐकू येतं.' 'नवीन नोकरीचं विचारणे.' 'लवकर करावा, पहिला आपला पाहिजे.'

मी आधी माझं पान काढलं, कुणीही तेच केलं असतं. माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'नऊच्या आधी नको, झोपलेली असते.'

आता हे कसं सांगू. माझ्या वाढदिवसाला दादाचा फोन बरोब्बर नऊ पाचला यायचा. वर्षानुवर्षं. मी धरून चालले होते की हा ऑफिसला पोचतो, खुर्चीत बसतो आणि मग कधीतरी याला बहिणीची आठवण होते. एका वर्षी तर मी म्हटलंही होतं, "झाली का आठवण एकदाची?" तर हसून म्हणाला, "हो गं, आत्ताच झाली." आणि खरं म्हणजे तो सकाळपासून घड्याळाकडे बघत थांबलेला असणार. मी पिशवीशेजारी जमिनीवरच बसले आणि तेव्हा जे रडले ते तो गेला त्या दिवशीही रडले नव्हते.

त्याला आता सहा वर्षं होतील. सत्तेचाळीसचा होता. काही आजारपण नाही, सूचना नाही, रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. आमचं शेवटचं बोलणं कुठल्यातरी पासवर्डवरून झालं होतं, तो विसरला होता आणि मी त्याला कसा रिसेट करायचा ते सांगत होते, जरा घाईत होते, "मेसेज करते नंतर" म्हणून ठेवला. तो मेसेज मी केलाच नाही. लोक शेवटच्या भेटीबद्दल बोलतात तेव्हा मला नेहमी वाटतं की शेवटची भेट ही शेवटची आहे हे त्या भेटीला माहीतच नसतं, ती बिचारी इतर दिवसांसारखीच येते आणि जाते, आणि मग आपण आयुष्यभर तिला उलटीपालटी करून बघत बसतो.

त्या पहिल्या दिवसांत मी खूप शांत होते. फॉर्म भरले, सर्टिफिकेटच्या कॉप्या काढल्या, लोकांना फोन केले. सगळे म्हणायचे, किती सावरलीस गं. आणि विचारायचे, वहिनी कशी आहे, मुलं कशी आहेत, आईबाबांनी कसं घेतलं. माझ्याबद्दल विचारणारे फार थोडे. बरोबरच आहे, बायकोचं दुःख मोठं, मुलांचं मोठं, आईबापांचं तर विचारूच नका, बहीण त्या रांगेत आपोआप मागे जाते, आणि मी स्वतःही स्वतःला मागे केलं. नवरा गेला की विधवा म्हणतात, आईबाप गेले की पोरका. भाऊ गेलेल्या बहिणीला काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. पण ज्याने मला जन्मापासून बघितलं, लहानपणी मी कशी होते हे आईबाबांच्या नजरेने नाही तर बरोबरीच्या नजरेने ज्याला ठाऊक होतं, तो एकमेव माणूस गेला होता. माझ्या लहानपणाचा साक्षीदारच राहिला नाही.

या शांतपणाबद्दल नंतर एक गोष्ट वाचली आणि ती डोक्यातून जात नाही. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने एका अडीच वर्षांच्या मुलीचं शूटिंग केलं होतं. छोट्या ऑपरेशनसाठी तिला आठ दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलेलं, आणि तेव्हा तिथल्या वॉर्डांत आईवडलांना मुलांजवळ राहू देत नसत, भेटीसुद्धा मोजून. लहान मुलं आधी आक्रोश करतात, मग मलूल होतात आणि मग एकदम गप्प, शहाण्यासारखी वागायला लागतात. नर्सेस आणि डॉक्टरांना वाटायचं, चला, रुळलं पोर. रॉबर्टसन आणि त्याच्याबरोबर काम करणारे जॉन बोल्बी सांगत राहिले की अहो हे रुळणं नाहीये, मुलाने आता आशा सोडलीय. सुरुवातीला डॉक्टरांना ते पटेना, रागही आला त्यांना. पण हळूहळू फरक पडला आणि १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनेच शिफारस केली की मुलांना आईवडलांना हवं तेव्हा भेटू द्या. आपण आज मुलाच्या हॉस्पिटलच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून रात्रभर बसतो तेव्हा त्यामागे अशीही कुणाची तरी अनेक वर्षांची धडपड असते. मला मात्र ते वाचताना आठवली ती फॉर्म भरणारी मी. सावरलेली, शहाणी.

तेव्हा भेटणारे लोक बोलायचे तेही चांगल्या मनानेच. 'काळ हेच औषध.' 'देव परीक्षा बघतो.' एका मैत्रिणीने दुःखाच्या पाच पायऱ्यांचा मेसेज पाठवला: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मी बरेच दिवस स्वतःला त्या पायऱ्यांवर शोधत होते, आज कितवीवर आहे, आणि सापडत नव्हते, तर वाटायचं मला नीट दुःखही करता येत नाहीये. नंतर कळलं की एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली हे टप्पे मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, म्हणजे जाणाऱ्यांबद्दल. मागे राहणाऱ्यांना ते नंतर लागू केले गेले, आणि सगळ्यांनी ते याच क्रमाने चढावेत असं काही नसतं. हे कुणीतरी मला तेव्हाच सांगायला हवं होतं, मनापासून वाटतं.

त्यापेक्षा मला पटलं ते मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट या शोकाचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की माणूस दुःखात एका सरळ रेषेत पुढे जातच नाही, तो झोका घेत असतो. एकदा गेलेल्या माणसाकडे जातो, रडतो, फोटो काढून बसतो, आणि मग तिथून वळून बिलं भरतो, पोरांचा अभ्यास घेतो, एखाद्या गोष्टीवर हसतोसुद्धा, आणि परत तिकडे जातो. हे दोन्ही लागतं. दादा जाऊन तीन आठवडे झाले होते आणि मी ऑफिसमध्ये कशावर तरी खळखळून हसले, आणि पुढच्याच क्षणाला इतकं अपराधी वाटलं की बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. त्या दिवशी जर मला माहीत असतं की ते हसणं म्हणजे दादाला विसरणं नव्हतं, तर बरं झालं असतं.

अवघड होतं ते व्याकरण. हसू नका, खरंच सांगते. वहिनी फोनवर कुणाशी तरी बोलत होती आणि म्हणाली, "किल्ली ते वरच्या खणात ठेवायचे." ठेवायचे. मी बाजूच्या खोलीत होते आणि मला ते एखाद्या थपडेसारखं लागलं. 'ठेवतात'चं 'ठेवायचे' झालं होतं आणि ते कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं. त्यानंतर कितीतरी महिने मी वाक्यंच अशी करायचे की क्रियापद यायलाच नको. "दादाचं आवडतं गाणं." "दादाची पद्धत." अर्धवट सोडून द्यायचे. आणि ज्या दिवशी माझ्या तोंडून सहज, न अडखळता 'दादा म्हणायचा' असं निघालं त्या दिवशी मी बोलता बोलता थांबले. समोरच्याला काही कळलं नाही. आपण बदलतो ते असं कुठेतरी क्रियापदात वगैरे बदलतो, कुणाला न दिसता.

पण मूळ गोष्ट डायरीची.

ती घरी आणल्यावर मी एकेक पान वाचून काढलं आणि लक्षात आलं की आमच्या सगळ्या गोतावळ्याला बांधून ठेवायचं काम हा एकटा करत होता. वर्षाला शंभरेक फोन. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि करतोय हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तो गेल्यावर त्या वर्षात कुणाचे वाढदिवस कुणाला आठवले नाहीत, चुलतभावंडांच्या बातम्या कळेनाशा झाल्या, दोघांमधला एक अबोला वाढत गेला, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, दादा गेला आणि घरातली रयाच गेली. रया म्हणजे काय ते मला आता समजलं. रया म्हणजे शंभर फोन. माणूस गेला की नुसता माणूस जात नाही, तो जे काम गुपचूप करत होता ते काम मालकाशिवाय पडून राहतं. आणि मग मागे राहिलेल्यांपैकी कुणीतरी ते उचलतं, किंवा कुणीच उचलत नाही.

मी फोन करणाऱ्यातली कधीच नव्हते. मला फोनवर काय बोलावं सुचत नाही, मी मेसेजवाली. पण डायरी हातात होती आणि पुढच्याच आठवड्यात एक तारीख होती, आमच्या एका काकांची. काका जाऊन तेव्हाच बारा वर्षं झाली होती. मला वाटलं दादा नाव खोडायला विसरला. मग दिसलं की काकांच्या नावाखाली वेगळ्या शाईने काकूचा नंबर लिहिलाय. पानं परत चाळली तर अशी पाच-सहा नावं निघाली. गेलेल्यांची. एकही खोडलेलं नाही, प्रत्येकाखाली मागे राहिलेल्या कुणाचा तरी नंबर.

मी काकूला फोन केला, म्हटलं काकू, आज काकांचा वाढदिवस ना. पलीकडे इतका वेळ काही आवाजच आला नाही की मला वाटलं लाइन कटली. मग ती म्हणाली, "मला वाटलं आता कुणाचा यायचा नाही." आणि पाऊण तास बोलली. काकांच्या चालण्याबद्दल, ते जिना कसे दोन दोन पायऱ्या टाकत चढायचे त्याबद्दल. आणि मग एकदम आवाज खाली करून म्हणाली, अजून कधी कधी संध्याकाळी जिन्यावर तसाच आवाज येतो, दार उघडायला उठते मी, कुणाला सांगू नकोस, वेड लागलं म्हणतील.

काकू, वेड नाही लागलेलं. डेवी रीस नावाच्या वेल्समधल्या एका डॉक्टरने १९७१ साली जोडीदार गेलेल्या २९३ जणांशी बोलून लिहून ठेवलंय की त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला माणूस जवळ असल्याचं जाणवत होतं, काहींना दिसायचा, काहींना ऐकू यायचा, आणि बऱ्याच जणांना त्याचा आधारच वाटायचा. आणि बहुतेकांनी ते तोपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. हे मी काकूला पुढच्या फोनमध्ये सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "निम्मे?" म्हणजे तिने इतकी वर्षं ते एकटीने सांभाळलं होतं.

पूर्वी तज्ज्ञही म्हणायचे की गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घ्यायचं, धागा धागा सुटा करायचा आणि मोकळं व्हायचं. फ्रॉइडनं १९१७ मध्ये शोकाबद्दल जे लिहिलं त्याचा सूर साधारण तसाच होता. पण नंतर १९२० च्या जानेवारीत त्याची स्वतःची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली, सव्वीस वर्षांची. आणि १९२९ च्या एप्रिलमध्ये, मुलगा गेलेल्या एका मित्राला त्याने पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की माझी गेलेली मुलगी आज छत्तीस वर्षांची झाली असती. नऊ वर्षं झाली होती आणि बाप तारीख मोजत होता. पुढे लिहितो की ती जागा पूर्ण भरली तरी भरणारं काहीतरी निराळंच असतं, आणि तसंच असायला हवं, कारण जे प्रेम आपल्याला सोडायचं नाही ते चालू ठेवायची ही एकच वाट आहे. मला त्याचे सिद्धांत फारसे कळत नाहीत पण ते पत्र कळतं. त्याच्याकडेही एक डायरी होती म्हणायची, मनातली, आणि त्यानेही नाव खोडलं नव्हतं. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच अभ्यासातून मांडलं की गेलेल्याशी नातं तुटत नाही, ते फक्त वेगळ्या रूपात चालू राहतं, आणि त्यात काही आजारी वगैरे नाही. दादाला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याने फक्त नंबर बदलला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, बघा, दुःखाने हिला किती घडवलं, किती प्रेमळ केलं. तसं नाहीये आणि मला ते प्रामाणिकपणे लिहायचंय. मी भित्रीही झालेय. पहाटे फोन वाजला तर माझे हात गार पडतात. घरातलं कुणी प्रवासात असेल तर 'पोचलात का' हा मेसेज मी तीन तीनदा करते, लोक वैतागतात. सकाळी नवऱ्याला उठायला दहा मिनिटं उशीर झाला तर दारात उभी राहून श्वास बघते, सहा वर्षांनंतरही. संकटातून माणूस वाढतो असं ज्यांनी नव्वदच्या दशकात मांडलं ते टेडेस्की आणि कॅल्हून हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञसुद्धा सांगतात की वाढ होते ती त्या घावामुळे नाही, घावानंतर माणूस जी झुंज घेतो त्यातून, आणि वाढ झाली म्हणून वेदना संपते असं नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. आणि काही जण अडकून पडतात, वर्ष उलटलं तरी पहिल्या दिवसासारखं राहतं, रोजचं जगणंच थांबतं. त्यांना नुसतं धीर धरा म्हणू नये, त्यांना मदत लागते, आणि अलीकडे अशा दीर्घ शोकाला आजारांच्या अधिकृत यादीत जागाही मिळालीय. 'दुःख माणसाला मोठं करतं' हे वाक्य दुःखातल्या माणसाच्या तोंडावर कृपा करून फेकू नका. दादा असता आणि मी आहे तेवढीच लहान राहिले असते तरी मला चाललं असतं.

डायरीत ऑगस्टच्या पानावर एक नाव होतं ते बघून मी डायरी मिटूनच टाकली होती. माझी मैत्रीण. कॉलेजपासूनची, आमच्या घरात घरच्यासारखी वावरलेली. दादा जायच्या पाच वर्षं आधी आमचं बोलणं बंद झालं. मोठं भांडणही नाही, आधी एक गैरसमज, मग दोघींचा हट्ट, मग एक न उचललेला फोन आणि मग त्या न उचललेल्या फोनचीच एक भिंत. मेलेल्या माणसासाठी निदान रडता येतं. जिवंत असून आयुष्यातून गेलेल्या माणसाचं काय करायचं? पॉलीन बॉस या बाईंनी सत्तरच्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या बायकांबरोबर काम करताना अशा धूसर ताटातुटीला नाव दिलं, जिथे माणूस गेलाय की नाही हेच ठरत नाही. त्या बायकांचं दुःख कुठे आणि माझं कुठे, तुलना नाही, पण ते दार ना उघडं ना बंद असणं, ते मला ओळखीचं वाटलं. तिच्यानंतर मी नव्या मैत्रिणी केल्या पण कुणाला पूर्ण आत घेतलं नाही, हे मला आता दिसतं.

तिच्या नावापुढे दादाने लिहिलं होतं, 'विषय काढायचा नाही.'

म्हणजे तो तिला फोन करत होता. पाचही वर्षं. मला न सांगता आणि तिच्याशी माझा विषय न काढता.

मी पहिल्या वर्षी फोन केला नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या वर्षी केला. ती म्हणाली, "या तारखेला दादाचा यायचा." मी म्हटलं, हो, मला डायरीत सापडलं. चार मिनिटं बोललो, बरीचशी दादाबद्दल. आम्ही परत पहिल्यासारख्या झालो असं काही नाही झालं, होईलसं वाटतही नाही. पण दर ऑगस्टला चार-पाच मिनिटं बोलतो, आणि मीही तो विषय काढत नाही.

आता मला नावं पाठ झालीयेत बरीचशी. सूचनाही मी वाढवल्यात, माझ्या अक्षरात. त्याचं अक्षर डावीकडे झुकलेलं, माझं सरळ, एकाच पानावर दोन्ही दिसतात. एकदा सगळ्या तारखा मोबाइलमध्ये टाकून द्याव्यात असंही वाटलं, टाकायला बसलेही, पाच-सहा नावं टाकली आणि सोडून दिलं. मोबाइलने आठवण केली तर मी सकाळी घड्याळाकडे कशाला बघीन?

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा सुचली. दरवर्षी दादाच्या वाढदिवसाला मी स्वतः अशी सैरभैर असायचे की डायरीचा विचारच यायचा नाही. यंदा मार्च उघडलं, सहज, आणि बोट फिरवत गेले तर चौदा तारखेला काही नाही. तेराला आहे, सतराला आहे. चौदा मोकळी. आपलाच वाढदिवस कोण लिहून ठेवणार, बरोबर आहे.

मी पेन घेतलं आणि चौदाला त्याचं नाव लिहिलं. खाली वहिनीचा नंबर. आणि कंसात, थोडा विचार करून, 'दुपारी करावा, सकाळी मुलं जवळ असतात, तिला बोलता येत नाही.'